घर घेताना : कागद आधी, पैसा नंतर

१९१७ साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोदे शहरात राहावयास जागा मिळाली नाही. नाव लपवून त्यांनी पारशी लोकांच्या पथिकाश्रमात आसरा घेतला, आणि तेथूनही काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी त्यांना बाहेर काढले. पुढे परळच्या बी. आय. टी. चाळीतील लहानशा खोल्यांत त्यांनी संसार व अभ्यास केला. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले ते १९३० नंतरच्या काळात, आणि ते बांधताना त्यांनी सर्वांत आधी विचार केला तो आपल्या ग्रंथांचा. गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या समाजाला स्वतःच्या नावाच्या दाराचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

आज आपली मुलेमुली शिकली, नोकरीला लागली. बँका कर्ज देतात. वस्तीतील, चाळीतील कुटुंबे सदनिका घेऊ लागली आहेत. ही आनंदाची बाब आहे. परंतु आपल्यापैकी बहुतेक जण घराण्यातील पहिलेच घर घेणारे असतात. वडिलांनी कधी खरेदीखत पाहिलेले नसते, आजोबांनी सातबारा वाचलेला नसतो. त्यामुळे ज्या चुका इतरांच्या घरी दोन पिढ्यांपूर्वी होऊन गेल्या, त्या आपल्या घरी आज होत आहेत. म्हणून हा अभ्यासलेख.

भगवंतांचा गृहस्थाला उपदेश

अंगुत्तरनिकायात दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाची कथा आहे. आम्ही बायकामुलांत राहणारी माणसे आहोत, आम्हांस या जन्मी उपयोगी पडेल असे काही सांगा, अशी विनंती त्याने भगवान बुद्धांना केली. भगवंतांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या. कष्टाने व कौशल्याने मिळवावे, ही उट्ठानसंपदा. मिळवलेले जपावे, ही आरक्खसंपदा. चांगल्या, जाणत्या माणसांची संगत धरावी, ही कल्याणमित्रता. आणि मिळकत पाहून खर्चाचा मेळ ठेवावा, ही समजीविता.

यातील पहिली गोष्ट आपला समाज चांगली शिकला आहे. कष्टात आपण कोणाला हार जात नाही. पुढच्या तीन गोष्टींत मात्र आपण कमी पडतो, आणि घरखरेदीत नेमक्या याच तिन्हींची परीक्षा होते.

एक अनुभव

माझे थोरले बंधू १९९३ साली नोकरीतून निवृत्त झाले. फंडाचे व ग्रॅच्युइटीचे मिळून जे पैसे आले, त्यांतील पंच्याऐंशी हजार रुपये त्यांनी कल्याणच्या पलीकडे एका गावात दोन गुंठ्यांच्या प्लॉटसाठी दिले. मध्यस्थ आमच्या वस्तीत ऊठबस असलेला, जयंतीच्या वर्गणीत पुढे असणारा मनुष्य होता. "दादा, आपल्याच माणसाची जमीन आहे, कागदाची काय काळजी?" असे तो म्हणाला, आणि दादांना कागद मागण्याचा संकोच वाटला. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर करारनामा झाला, नोटरीचा शिक्का बसला, एक कुलमुखत्यारपत्र झाले. वहिनींनी पेढे वाटले.

तीन वर्षांनी घर बांधावे म्हणून दादा तलाठ्याकडे गेले, तेव्हा सातबाऱ्यावर मूळ मालकाचेच नाव होते. जमीन जुन्या महार वतनाची, नवीन शर्तीची होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती विकताच येत नव्हती. आम्ही मूळ मालकाच्या घरी गेलो. तेही आपलेच लोक, आपल्याहून गरीब. त्यांच्या म्हातारीचा अंगठा किरकोळ रकमेवर घेतला होता, आणि जमीन हातची गेली असे त्यांना वाटत होते. एका कागदावर आपलीच दोन घरे बुडाली. मध्यस्थाने तोवर मुक्काम हलवला होता. दादा शेवटपर्यंत भाड्याच्या खोलीत राहिले. जी चूक झाली ती अडाणीपणाची नव्हती. दादा मॅट्रिक होते, रोज वर्तमानपत्र वाचत. चूक संकोचाची होती.

संकोच का वाटतो?

आडनाव विचारून ज्याला दोन ठिकाणी नकार मिळाला आहे, त्याला तिसऱ्या ठिकाणी कोणी "या, बसा" म्हटले की हायसे वाटते. मग कागद मागितले तर हाही नाही म्हणेल, अशी भीती मनात येते. दुसऱ्या बाजूला विकणारा आपल्यातला असला, तर कागद मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे असे वाटते. या दोन्ही भावना समजण्याजोग्या आहेत, आणि फसवणारा माणूस नेमक्या त्यांवरच जगतो.

केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी हेच शिकवले की, सांगणारा मोठा आहे, आपला आहे, म्हणून एखादी गोष्ट खरी मानू नका. स्वतः तपासून पाहा. जो धम्म स्वतःलाही तपासून घ्या म्हणतो, त्या धम्माच्या उपासकाने सातबारा तपासण्यात लाजण्यासारखे काय आहे? प्रामाणिक विक्रेता कागद दाखवायला आनंदाने तयार होतो. जो चिडतो, "विश्वास नसेल तर राहू द्या" म्हणतो, त्याने आपले उत्तर दिलेलेच असते.

आरक्खसंपदा : कष्टाचा पैसा कोठे बुडतो?

१) नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत नोंदणीकृत दस्तानेच विकता येते, असे आपला कायदा सांगतो. नोटरीचा शिक्का फक्त सही कोणी केली हे सांगतो, मालकी देत नाही. केवळ कुलमुखत्यारपत्र, साधा करार व मृत्युपत्र यांवर मालकी हस्तांतरित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली स्पष्ट केले आहे. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा आणि सूची क्रमांक २ चा उतारा हाती घ्यावा.

२) जमीन कोणत्या प्रकारची हे पाहावे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे लिहिलेले असते. वर्ग २ असल्यास थांबावे. महार वतनाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला, आणि जमिनी कसणाऱ्यांना शर्तीवर परत मिळाल्या. शर्त अशी की जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन व शासनाचा नजराणा भरूनच त्या विकता येतात. परवानगीवाचून झालेला व्यवहार शर्तभंग ठरतो व जमीन शासनजमा होऊ शकते. ज्यांच्याकडे अशी जमीन आहे त्यांनीही कोणाच्या कागदावर अंगठा देण्यापूर्वी हे ध्यानात ठेवावे. आदिवासी बांधवांच्या जमिनींनाही कायद्याचे असेच संरक्षण आहे.

३) 'इतर हक्क' हा रकाना वाचावा. कुळाचे नाव, बँकेचा बोजा, वारसांचा हक्क, न्यायालयाचा मनाई हुकूम यांच्या खुणा तेथे सापडतात. फेरफाराचे उतारे मागे मागे पाहत जावे. शहरात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका असते. सातबारा व मिळकत पत्रिका आता शासनाच्या महाभूलेख या संकेतस्थळावर पाहता येतात. घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलाला वा मुलीला हे काम सांगावे. त्याशिवाय वकिलाकडून मागील तीस वर्षांचा शोध घ्यावा. वकील विक्रेत्याने दिलेला नसावा, आपला असावा.

४) बांधकामाची परवानगी पाहावी. मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, आणि इमारत पूर्ण असल्यास भोगवटा प्रमाणपत्र, हे तीन कागद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. दहा मजल्यांची परवानगी असताना बाराव्या मजल्यावरची सदनिका विकल्याची उदाहरणे आहेत. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीत पाण्यापासून कर्जापर्यंत सर्वत्र अडचण येते, आणि अनधिकृत बांधकामावर हातोडा पडतो तेव्हा "आम्हांला माहीत नव्हते" हे कोणी ऐकत नाही.

५) महारेरा नोंदणी पाहावी. २०१६ च्या केंद्रीय कायद्यान्वये महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे काम सुरू झाले. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरील व आठांहून अधिक सदनिकांच्या नव्या प्रकल्पाची येथे नोंदणी सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक जाहिरातीत छापलेला असतो. तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर टाकला की जमिनीचे कागद, मंजुऱ्या, ताबा देण्याची तारीख व चालू खटले दिसतात. अशा प्रकल्पात नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेऊ शकत नाही. ताबा ठरल्या तारखेस न मिळाल्यास व्याजासह पैसे परत मागण्याचा, किंवा घर ठेवून उशिराचे व्याज मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून देणे बिल्डरवर बंधनकारक आहे. हे हक्क कागदावर आहेत. पावती व करारनामा हाती असेल त्यालाच ते उपयोगी पडतात.

६) चटई क्षेत्र विचारावे. जाहिरातीत ६५० चौरस फूट लिहिलेले असते. त्यात जिना, लिफ्ट, गच्ची, भिंती यांचा वाटा ३५ टक्के चढवलेला असेल, तर आत वापरायला सुमारे ४८० चौरस फूटच मिळतात. नव्या कायद्यानुसार विक्री चटई क्षेत्रावरच व्हावयास हवी. टेप घेऊन स्वतः मोजावे. उघडी वाहनतळाची जागा वेगळे पैसे घेऊन विकता येत नाही, असाही सर्वोच्च न्यायालयाचा २०१० सालचा निर्णय आहे.

७) जुने घर घेताना साखळी पाहावी. पहिल्या खरेदीदारापासून आजच्या मालकापर्यंत सर्व करारनामे मूळ स्वरूपात असावेत. मधला एखादा कागद "हरवला" असे कळले, तर तो बँकेत गहाण पडला आहे काय याची चौकशी करावी. सोसायटीचा भागदाखला कोणाच्या नावे आहे, देखभालीची, पाण्याची, मालमत्ताकराची थकबाकी किती, हे सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्यावे. मालक वारला असल्यास सर्व वारसांच्या सह्या हव्यात; लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलींच्याही. हस्तांतरणासाठी महानगरपालिका क्षेत्रात सोसायटीला २५ हजार रुपयांहून अधिक अधिमूल्य घेता येत नाही. जमिनीचे अभिहस्तांतरण सोसायटीच्या नावे झाले आहे काय तेही विचारावे. झाले नसल्यास मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे.

८) पुनर्वसनाचे घर जपून घ्यावे. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत मिळालेले घर कायद्याने ठरवलेल्या मुदतीत विकता येत नाही, आणि नंतरही प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हाडाच्या सोडतीतील घरालाही अशी मुदत असते. "मुखत्यारपत्र करून देतो, मुदत संपली की नावावर करतो" हा निरोप आपल्या वस्त्यांतून फार ऐकू येतो. तो ऐकून पैसे देणारा मुदत संपेपर्यंत दुसऱ्याच्या घरात पाहुणा असतो.

समजीविता : आवाक्यातले घर

दुसरी मोठी चूक हिशेबाची. घराची किंमत ३० लाख असे आपण म्हणतो आणि ३० लाखांचीच जुळवाजुळव करतो. मुद्रांक शुल्क शहराप्रमाणे साधारण पाच ते सात टक्के पडते. सात टक्के धरले तर २ लाख १० हजार. नोंदणी फी एक टक्का, कमाल ३० हजार. इमारत अपुरी असल्यास वस्तू व सेवा कर वेगळा. १ एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरांसाठी तो १ टक्का व इतरांसाठी ५ टक्के आहे. भोगवटा प्रमाणपत्रानंतर विकल्या जाणाऱ्या घरास तो लागत नाही. त्यावर वकील, वीजमीटर, सोसायटीचा आगाऊ देखभाल खर्च. म्हणजे ३० लाखांच्या घरासाठी आणखी तीन लाखांची तजवीज आधीच हवी. ती नसली की माणूस शेवटच्या आठवड्यात सावकाराच्या दारी जातो किंवा बायकोचे दागिने मोडतो.

कर्जाचेही तसेच. २० लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १८ हजारांचा बसतो आणि एकूण ४३ लाखांहून अधिक फेडावे लागतात. तेच पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे २० हजार ३०० चा, आणि एकूण फेड साडेछत्तीस लाख. महिना तेवीसशे रुपये अधिक भरले तर साडेसहा लाखांहून अधिक वाचतात. परंतु हप्ता इतकाही मोठा नसावा की मुलांचे शिक्षण थांबेल. घरासाठी मुलीचे कॉलेज सुटले, तर त्या घरातून बाबासाहेब निघून गेले असे समजावे. माझ्या मते सर्व हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या एकतृतीयांशापलीकडे जाऊ नयेत, आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला राखून ठेवावेत. ऋण नसल्याचे सुख हेही गृहस्थाचे एक सुख आहे, असे भगवंतांनी अनाथपिंडिकाला सांगितले होते.

"बँकेने कर्ज मंजूर केले, म्हणजे कागद चोख" असेही अनेक जण मानतात. बँक आपल्या पैशापुरते पाहते. आपले आयुष्य आपणच पाहायचे असते.

मुहूर्त आणि वास्तू

दसऱ्याचा, पाडव्याचा मुहूर्त चुकेल म्हणून घाईने इसार देणारे आपल्यातही आहेत, हे खेदाने नमूद करावे लागते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात स्वयंपाकघराची दिशा विचारली जाते आणि पाण्याची वेळ विचारली जात नाही! दिशा पाहावी ती उजेड व वाऱ्यासाठी. पावसाळ्यात एकदा जाऊन रस्ता व गळती पाहावी. नदीकाठी असल्यास नगरपालिकेत पूररेषा विचारावी. रात्री एकदा जाऊन त्या रस्त्याने आपली बहीण सुखरूप येऊ शकेल काय ते पाहावे. शाळा, दवाखाना, बस किती लांब हे चालून मोजावे. तेथे राहणाऱ्या दोन कुटुंबांशी बोलावे. माहितीपत्रकात नसलेले ते सांगतात.

घर कोणाच्या नावे?

हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. स्त्रीला मिळकतीत वाटा असावा ही त्यांची तळमळ होती. आपण मात्र घर घेताना पत्नीचे नाव घालायचे विसरतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२१ पासून निवासी घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ३० लाखांच्या घरात हे ३० हजार होतात. निदान दोघांचे नाव तरी असावेच. उद्या काही विपरीत घडले तर तिला दिराच्या दारात उभे राहावे लागू नये.

ज्यांचे घर कच्चे आहे वा ज्यांना घरच नाही, अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी राज्य शासनाची रमाई आवास योजना आहे. अर्ज ग्रामपंचायत, नगरपालिका वा समाजकल्याण कार्यालयामार्फत होतो. "काम करून देतो" म्हणून मध्ये पैसे मागणाऱ्यास एक रुपयाही देऊ नये.

कल्याणमित्रता : विहाराचे काम

आता शेवटची गोष्ट. माझ्या बंधूंना कागद वाचता आला नाही असे नाही. कागद मागताना त्यांच्या बाजूला कोणी उभे नव्हते. आज आपल्या प्रत्येक विहाराच्या परिसरात एखादे निवृत्त बँक कर्मचारी, एखादे महसूल खात्यातील बंधू, एखादी वकील भगिनी आहेच. रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास त्यांनी बसावे. ज्याला घर घ्यायचे आहे त्याने इसार देण्यापूर्वी कागदांच्या प्रती तेथे आणाव्यात. "आमच्या विहारात दाखवून येतो" एवढे एक वाक्य म्हटले, की संकोचही जातो आणि फसवणाराही दूर होतो. यासाठी निधी लागत नाही, इमारत लागत नाही.

इसार देण्यापूर्वी पुढील प्रश्न वहीत लिहून उत्तरे घ्यावीत. मालक कोण? जमीन वर्ग १ की वर्ग २? बोजा आहे काय? प्रारंभ व भोगवटा प्रमाणपत्र आहे काय? महारेरा क्रमांक कोणता? चटई क्षेत्र किती? सर्व खर्च धरून किंमत किती? हप्ता पगारात बसतो काय? पैसे धनादेशाने देऊन पावती मिळते काय? आणि हे सर्व आपल्या वकिलाने पाहिले काय? एकाही प्रश्नाचे उत्तर "नंतर बघू" असे आले, तर पैसेही नंतरच द्यावेत.

अशा घराच्या दारावर नाव लागेल, भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा लागेल, परित्राणपाठ होईल, तेव्हा त्या घरातून आपल्याला बाहेर काढण्याचा अधिकार कोणालाही राहणार नाही. बडोद्याच्या त्या पथिकाश्रमापासून येथवर आलो आहोत. आता केवळ संकोचापायी मागे जाऊ नये, एवढेच सांगणे.

नमो बुद्धाय! जयभीम!